एक लाख आठ हजार भावी श्रीमंत

प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर पंचेचाळीस टक्क्यांवरून चाळीसवर आणल्याचं परिपत्रक आमच्या कार्यालयात मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आलं. त्यावर आवक शिक्का बसला, क्रमांक पडला आणि ते रीतसर तिसऱ्या मजल्यावर माझ्या टेबलावर येऊन पोहोचलं. विभागीय प्राप्तिकर कार्यालयाच्या आकडेवारी शाखेचा मी प्रमुख आहे. शाखेत माझ्याखेरीज एक संगणक ऑपरेटर मुलगी आहे आणि दोन कपाटं आहेत. त्यांतलं एक उघडत नाही.

आमच्या खात्याची एक जुनी रीत आहे. सरकारने कुणालाही काहीही दिलं की घेणाऱ्याचं नाव लाभार्थी नोंदवहीत लिहायचं, त्याचा हसरा फोटो चिकटवायचा आणि शेजारी त्याचं चार ओळींचं मनोगत घ्यायचं. ही रीत पडली मोफत चष्मे वाटले तेव्हा. माणसाला एकदम दिसायला लागलं की तो आपणहून हसतो, त्यामुळे फोटोंचं काम सोपं होतं. पुढे कुबड्या झाल्या, कानयंत्रं झाली. या नव्या परिपत्रकाच्या शेवटीही तोच परिच्छेद होता: ‘लाभार्थींचा सचित्र अहवाल पंधरा दिवसांत सादर करावा.’ मंत्रालयातल्या कुणीतरी जुनं परिपत्रक समोर ठेवून नवं टाइप केलं होतं आणि शेवट खोडायला विसरलं होतं, हे उघड होतं. मी ते घेऊन उपायुक्त मॅडमकडे गेलो.

“मॅडम, हा शेवटचा परिच्छेद चष्म्यांचा आहे. चुकून राहिलाय.”

मॅडमनी कागद उलटून पाहिला. “खाली सही सचिवांचीच आहे ना?”

“हो.”

“मग चुकून कसा राहील? लाभार्थी शोधा आणि फोटो काढा.”

त्या दिवशी कॅन्टीनवाल्याने सगळ्या कार्यालयाला फुकट कॉफी पाजली. कर कमी झाला म्हणून माणूस अगदी हवेत होता. त्याची मिळकत इतकी तुटपुंजी, की आमच्या खात्याने आजवर त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही.

“अहो, पण तुम्हाला काय मिळालं यात?” मी विचारलं.

“आज नाही मिळालं, साहेब. पण उद्या समजा मी तिथवर पोचलो असतो आणि त्यांनी शंभरातले पंचेचाळीस कापून घेतले असते, तर? थोडक्यात वाचलो बघा!” असं म्हणून त्याने माझा कप पुन्हा भरला. कॉफी चांगली होती, म्हणून मी वाद घातला नाही.

घरी हे सांगितलं तेव्हा बायको मोठ्याने हसली. ती चपलांच्या दुकानात गल्ल्यावर बसते, त्यामुळे माणसाच्या खिशात किती आहे हे तिला त्याच्या चालीवरूनच कळतं. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांचं लक्ष उजव्या हाताच्या बोटांकडे होतं. सात महिन्यांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि चाळीस वर्षं कात्री धरलेला हात मांडीवर नुसता पडून राहिला. बाबा शिंपी. नातीसाठी त्यांनी एक कोट बेतला होता, तो बटणांपाशी येऊन अडला होता.

सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक मोफत व्यायाम केंद्र आहे. आठवड्यातून तीन दिवस मी बाबांना तिथे नेत असे. तिथल्या फिजिओथेरपिस्टला सगळे रुग्ण कवायतबाई म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी. त्यांच्याकडे एक लाकडी फळी होती. तिच्यावर कापड ताणून सहा बटणं लावलेली होती आणि ती उजव्या हाताने काजातून घालायची. पहिले दोन महिने बाबांना एकही जमलं नाही. मग एक जमलं, मग दोन. परिपत्रक आलं त्या आठवड्यात ते तिसऱ्यावर होते.

“सहा झाली की कात्री,” कवायतबाई सांगत. “त्याआधी हात लावलात तर मी घरी येऊन हिसकावून घेईन.”

“जरा लवकर करा, बाई,” बाबा म्हणत. “पोरगी वाढतेय. कोट वाढत नाही.”

विभागाची लोकसंख्या एक लाख चौदा हजार दोनशे सहा. ऑपरेटरने सगळी विवरणपत्रं चाळली, दोनदा चाळली. सर्वांत वरच्या टप्प्यात उत्पन्न असलेला माणूस निघाला एक. बाटल्यांची झाकणं बनवणारा कारखानदार. अख्ख्या गावात त्याला झाकणसम्राट म्हणतात. आम्ही कॅमेरा घेऊन त्याच्या कचेरीत गेलो. त्याने आधी आम्हाला आणि मग हिशेबनिसांना निरखून पाहिलं.

“कसला कर कमी झालाय?”

“आपला, सर. प्राप्तिकर.”

“मी भरतो?” त्याने हिशेबनिसांना विचारलं.

“थोडा,” हिशेबनीस हळूच म्हणाले. घरातलं दुखणं परक्यांसमोर निघाल्यासारखे ते ओशाळले होते.

फोटो काही हसरा येईना, कारण काय झालंय हे त्याला अजून नीट कळलं नव्हतं. मनोगत विचारलं तर म्हणाला, “बरं झालं.” ऑपरेटरने नम्रपणे सांगितलं की चार ओळी लागतात. तेव्हा त्याने बराच विचार केला आणि सांगितलं, “बरं झालं. तसं आधीही बरंच होतं. आता आणखी बरं झालं. या तुम्ही.” आम्ही ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. पुढचा रकाना ‘लाभाचा उपयोग’ असा होता. चष्म्यांच्या वेळी लोक तिथे ‘पेपर वाचतो’, ‘सुई ओवते’ असं काही सांगत. झाकणसम्राट म्हणाला, “पैसे ना? पडलेत तिथेच.” रोजगारनिर्मितीच्या रकान्यापाशीही घोडं अडलं. शेवटी त्याला आठवलं, की कुत्र्याला फिरवायला एक माणूस आहे. तो नऊ वर्षांपासूनच आहे म्हणा, पण त्याला काढून टाकायचा त्याचा विचार नव्हता. आम्ही लिहिलं: ‘टिकवलेले रोजगार: एक’.

परतताना ऑपरेटरने सहज हिशेब मांडला. एका वर्षात त्याचं जेवढं वाचणार होतं तेवढ्यात बाबांचं व्यायाम केंद्र अकरा वर्षं चाललं असतं. “हे कुठे लिहू, साहेब?” तिने विचारलं. मी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. खर्चाचा रकानाच नव्हता. चष्म्यांचा खर्च दुसरं खातं दाखवायचं, त्यामुळे तो कधी लागलाच नव्हता. नसलेल्या रकान्यात लिहिता येत नाही, हे मी तिला समजावून सांगितलं.

अहवाल गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. समासात लाल शाईने लिहिलं होतं: ‘पोहोच अत्यंत असमाधानकारक. उद्दिष्ट किमान साठ टक्के. खुलासा करावा.’ आमची पोहोच टक्क्यांत मांडली तर आधी शून्य, मग दशांशचिन्ह, मग आणखी तीन शून्यं आणि त्यानंतर कुठे आठ येत होते. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं.

“एक? अख्ख्या विभागात एक? शेजारच्या विभागाला तीन मिळाले!”

“त्यांच्याकडे समुद्र आहे, मॅडम. समुद्राकाठी बंगले असतात.”

“मला भूगोल सांगू नका. साठ टक्के करून आणा.”

आम्ही व्याख्या रुंद करायला घेतली. झाकणसम्राटाची बायको धरली, दोन मुलं धरली, ड्रायव्हर धरला, कुत्रा फिरवणारा धरला. कुत्र्याचं नाव मॅडमनी स्वतःच्या हाताने खोडलं, कारण फोटोत तो हसणार नव्हता. एवढं करून लाभार्थी झाले सहा. मी हात टेकून कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो. कॅन्टीनवाला कुणाला तरी तेच सांगत होता, की थोडक्यात वाचलो. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आजवरच्या नोकरीत मला सुचलेली ती एकमेव मूळ कल्पना, त्यामुळे तिचं श्रेय मी कुणाला देणार नाही.

लाभार्थी दोन प्रकारचे असतात, असं मी टिपणीत लिहिलं: विद्यमान आणि भावी. जो आज वरच्या टप्प्यात आहे तो विद्यमान. जो उद्या तिथे असेल तो भावी. दर कमी झाल्याचा आनंद दोघांना सारखाच होतो. भावी माणसाला जरा जास्तच, असं दिसून आलं आहे. सोबत मी फॉर्मही जोडला, नमुना आ-१, आशापत्र: ‘माझं उत्पन्न यथावकाश सर्वांत वरच्या टप्प्यात जाईल, अशी मी प्रामाणिक आशा बाळगतो/बाळगते. अंदाजे वर्ष: ____. सही.’

मॅडमनी तो तीनदा वाचला. “यात खोटं काही नाही ना?”

“नुसती आशा आहे, मॅडम. तिला पुरावा जोडावा लागत नाही.”

“तुम्ही इतके दिवस तिसऱ्या मजल्यावर काय करत होता?” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं.

पहिली सही मी केली. माझ्या पगारवाढीच्या वेगाने त्या टप्प्यात पोहोचायला तीनशे बारा वर्षं लागतात. हे मी गंमत म्हणून काढून पाहिलं होतं. वर्षाच्या जागी मी आजपासून दहावं वर्ष लिहिलं. लिहिताना कसं कुणास ठाऊक, ते मला शक्य वाटलं आणि दिवसभर मी जरा ताठ चाललो.

बाजारात, बसथांब्यावर, शाळेच्या दारात आम्ही टेबलं मांडली. साठ टक्क्यांसाठी लोकांच्या विनवण्या कराव्या लागतील असं वाटलं होतं. उलट रांगा आवरता आवरता नाकीनऊ आले. लहान मुलांच्या वतीने आईबापांनी सह्या केल्या. नवरा-बायकोत वर्षावरून भांडणं लागली. नवऱ्याने आठ वर्षं लिहिली की बायको म्हणे, एवढा वेळ कशाला हवा? ‘पुढच्या जन्मी’ असं लिहिलेला एक अर्ज आर्थिक वर्ष नमूद नसल्याने परत करावा लागला. झाकणाच्या कारखान्याच्या फाटकावर कामगार पगारवाढीसाठी ठिय्या देऊन बसले होते. त्यांनी दहा मिनिटं घोषणा थांबवल्या, रांगेत उभं राहून सह्या केल्या आणि पुन्हा जागेवर बसून घोषणा सुरू केल्या. बायकोच्या दुकानातही टेबल गेलं. तिथे एकट्या तिने सही केली नाही.

“मी वेडी नाही,” ती मला म्हणाली. “आणि तू ते दहावं वर्ष लिहून आलायस ना, ते आधी घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव. मी तेव्हा विचारणार आहे.”

व्यायाम केंद्रातल्या टेबलावर त्या दिवशी मी स्वतः होतो. कवायतबाईंना आशेबिशेत रस नव्हता. सही करणं हा बोटांना उत्तम व्यायाम आहे, एवढंच त्यांनी पाहिलं आणि सगळ्या रुग्णांना ओळीने बसवून हातात पेनं दिली. बाबांनी पेन धरलं, ते निसटलं, पुन्हा धरलं. तीन-चार मिनिटं लागली असतील. पण कागदावर उतरलं ते त्यांचंच नाव होतं, त्यांच्याच वळणाचं, जरा उतरणीला लागलेलं. आजारपणानंतरची ती पहिली सही. मी तिथे कामावर आहे हे विसरून रडलो. शेजारच्या काकांनी टाळ्या वाजवल्या, तेही डाव्या हाताने मांडीवर. वर्ष कोणतं लिहायचं, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, “लिही लवकरचं. हात सुटला की दुकान पुन्हा काढतोय मी.”

एकूण आशापत्रं आली एक लाख आठ हजार नऊशे त्रेपन्न. पोहोच, पंच्याण्णव पूर्णांक चार दशांश टक्के. मॅडमना ढाल मिळाली, मला प्रशस्तिपत्र. अर्थमंत्र्यांनी सभागृहात आमच्या विभागाचा आकडा वाचून दाखवला. “विरोधक म्हणतात, ही सवलत मूठभरांसाठी आहे,” ते म्हणाले. “ही बघा मूठ!” मग फॉर्म आ-१ देशभर लागू झाला. मला दोन ठिकाणी भाषणाला बोलावलं आणि मी गेलो.

तीन महिन्यांनी दुसरं परिपत्रक आलं. दर कमी केल्यामुळे तिजोरीत तूट आली आहे, असं त्यात कुठेही म्हटलं नव्हतं. ‘अनपेक्षित कारणांमुळे’ असे शब्द होते. मुद्दा एवढाच होता, की सर्वांत वरच्या टप्प्यात जात असल्याचं ज्यांनी स्वतःच्या सहीनिशी घोषित केलं आहे, त्यांनी गरजूंसाठी राखलेल्या सेवाही घेणं हे दुहेरी लाभात मोडतं. सबब अशा व्यक्तींची नावं गरजूंच्या यादीतून कमी करावीत. युक्तिवादात मला एकही खोट काढता आली नाही. नावं जुळवायला वेळही लागला नाही, कारण भावी श्रीमंतांची यादी मीच अकारविल्हे लावली होती.

व्यायाम केंद्रात बासष्ट रुग्ण होते. त्यांतल्या एकसष्टांनी सह्या केल्या होत्या. बासष्टाव्या आजी त्या दिवशी सर्दीमुळे आल्या नव्हत्या. म्हणजे विभागात विद्यमान श्रीमंत एक होता, तसा केंद्रात आता गरजू एक उरला. केंद्र चालवायला किमान पंचवीस गरजू लागतात, असा नियम आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला दाराला कुलूप लागलं. बाबांना पत्र आलं: ‘आपल्या उज्ज्वल भवितव्याबद्दल हार्दिक अभिनंदन. आपल्या दर्जाला साजेशा खासगी केंद्रात आपण उपचार घ्यावेत.’ खासगी केंद्रात एका खेपेला बायकोचा चार दिवसांचा पगार जात होता. बाबा तेव्हा चौथ्या बटणावर होते.

“मी चुकलो का रे?” पत्राची घडी करायचा प्रयत्न करत बाबा म्हणाले. “बाई म्हणाल्या सही करा, म्हणून केली.”

“नाही बाबा. मी चुकलो,” मी म्हणालो. नोकरीत हे वाक्य मी कधी उच्चारलेलं नाही, त्यामुळे ते जरा अडखळत आलं.

मॅडमनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या वाईट नाहीत. “माघारीचा फॉर्म काढू या ना,” त्या म्हणाल्या. “मसुदा तुम्हीच करा, तुमचा हात बसलाय.” मी त्याच दुपारी आ-२ तयार केला, आशामाघारपत्र. दोन ओळींचा, सुटसुटीत: ‘मी आ-१ मधली आशा मागे घेत आहे. मी सर्वांत वरच्या टप्प्यात कधीही जाणार नाही, हे मला मान्य आहे.’ मंत्रालयातून तो मंजूर होऊन आला, पण एका दुरुस्तीसह. कुणी सोयीपुरतं निराश होऊ नये म्हणून त्यांनी तिसरी ओळ घातली होती: ‘माझी मुलं, नातवंडं व त्यापुढील वंशज यांच्यापैकीही कुणी कधी जाणार नाही, हे मला मान्य आहे.’ खाली भरणाऱ्याची सही. असे चोवीस फॉर्म आले, की सर्दीवाल्या आजी धरून पंचवीस गरजू होणार आणि कुलूप निघणार. फॉर्म भरणारा रुग्णच हवा किंवा त्याने आधी आ-१ भरलेला हवा, अशीही अट नव्हती. कुणीही चालत होतं.

चोवीस म्हणजे एका संध्याकाळचं काम, असं मला वाटलं. कवायतबाई माझ्याबरोबर निघाल्या. त्यांची बदली औषधांच्या गोदामात झाली होती आणि गोळ्यांच्या पाकिटांवर आवाज चढवण्यात त्यांना राम वाटत नव्हता. आधी आम्ही टाळ्या वाजवणाऱ्या काकांकडे गेलो. ते बस चालवायचे. त्यांनी दोन ओळी मान डोलावत वाचल्या आणि तिसरीपाशी थांबले.

“पोराने परवाच धंदा काढलाय हो. मोबाइल दुरुस्तीचा. त्याच्या तोंडावर हे कसं लिहू?”

“हात वर करा म्हटलं की करत होता ना?” कवायतबाई कडाडल्या. “मग सही करा म्हटलं की काय होतं?”

“हात माझा होता, बाई,” काका म्हणाले.

बेकरीत काम करणाऱ्या मावशींनी आम्हाला बसायला दिलं, खायला दिलं. स्वतःचं काय हवं ते लिहा म्हणाल्या, दोनदा लिहा. पण नातू पाच महिन्यांचा होता. “त्याला कुठे वाचता येतंय?” मी म्हटलं. त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. “मला येतंय ना.” तिसऱ्या घरी, चौथ्या घरी तेच. नवव्या घराबाहेर कवायतबाई चिडून म्हणाल्या, “आणा इकडे, पहिला माझा घ्या!” पेन उघडून त्यांनी भराभर दोन ओळींखाली खुणा केल्या. मग त्यांची मुलगी कोणत्या वर्षाला आहे आणि मास्तर तिच्याबद्दल काय म्हणतात, हे त्या मला बराच वेळ सांगत राहिल्या. फॉर्म त्यांनी पर्समध्ये ठेवला. घरी जाऊन भरते म्हणाल्या.

मी घरी आलो. टेबलावर फॉर्म ठेवला आणि बाबांना वाचून दाखवला. बाबांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून कागदावर आणला, पेन मागितलं, आणि मग विचारलं, “नातीचंही लिहायचंय?”

“नुसता कागद आहे, बाबा. याने तिचं काही बिघडत नाही.”

“मग न लिहूनही काही बिघडू नये,” बाबा म्हणाले. “मी जन्मभर दुसऱ्यांचे कोट शिवले. माझ्या पोरीने कायम उघडंच हिंडायचं, असं सहीनिशी देऊ? हात राहिला तर राहिला.” आणि त्यांनी तो हात परत मांडीवर ठेवला.

राहिली बायको. ती वेडी नव्हती. या सगळ्या प्रकाराला पहिल्या दिवसापासून हसणारी ती एकटीच. तिने पेन उचललं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. वाचता वाचता तिने एकदा आत झोपलेल्या मुलीकडे पाहिलं.

“हे कसलं लिहिलंय रे?”

“तूच म्हणायचीस ना, की असलं काही होणार नाही?”

“म्हणायचे. अजून म्हणते.” तिने फॉर्मची नीट घडी केली. “म्हणणं वेगळं. हे मी नाही लिहून देणार.”

माझी सही आहे का, असं तुम्ही विचाराल. मी शाखाप्रमुख आहे. फॉर्मचा मसुदा माझा आहे. मोहीम चालवणाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी सही करायची, असं मी ठरवलेलं आहे.

बाबा घरीच सराव करतात. गेल्या आठवड्यात तिसरं बटण निसटलं. आता दोन लागतात, आणि तीही मी शेजारी नसलो तर. याचा मला अतिशय त्रास होतो. आशामाघारपत्रं मिळायची सोय तिसऱ्या मजल्यावर सकाळी अकरा ते दुपारी चार अशी केलेली आहे. पहिल्या दिवशी तिथे हजार प्रती ठेवल्या, त्या सगळ्या शिल्लक आहेत. झाकणसम्राटाकडून मात्र विचारणा आली होती; वरचा दर चाळीसवरून पस्तीसवर येईल तेव्हा पुन्हा फोटोला यावं लागेल का, म्हणून.

तर चोवीस माणसं हवी आहेत. तुम्ही इथवर वाचत आलात, मधूनमधून आम्हाला हसलातही असाल, म्हणजे समजदार आहात. तुमचं उत्पन्न मला ठाऊक नाही, पण आकडेवारी शाखेत इतकी वर्षं काढल्यावर अंदाज येतो: तुम्ही त्या टप्प्यात नाही, आणि जाणारही नाही. हे तुम्हालाही माहीत आहे. फक्त लिहून द्यायचंय. या, बसा. पहिल्या दोन ओळी सगळ्यांना पटतात. तिसरी वाचून पेन खाली ठेवाल तेव्हा टोपण तेवढं लावा. आतापर्यंत सगळ्यांनी लावलंय.